सुकेळीचा पुडा

“आज सुट्टीवर असेल टिफनी,” विमानतळाच्या दारातच हे म्हणाले आणि माझ्या हातातला सुकेळीचा पुडा काढून घ्यायला लागले. मी दिला नाही. आठ दिवस राजेळी केळी उन्हात घालायची, संध्याकाळी आत घ्यायची, कावळ्यांशी भांडायचं, आणि ऐन द्यायच्या वेळी माझ्याच हातातून काढून घेता होय?

टिफनी आमच्या वसईची, पापडीची. विमानतळावर काउंटरला बसायची. तिच्या वडिलांनी केळीची वाडी विकली, तेव्हापासून घरची सुकेळी तिला मिळेनात, म्हणून यांच्या दर खेपेला मी एक पुडा बांधून द्यायचे. हे, म्हणजे चंद्रहास, वालीवच्या कारखान्यात. तिथली पॅकिंगची यंत्रं देशभर जातात आणि बिघडली की यांना बोलावणं येतं. बावीस वर्षं, महिन्यातून दोनदा विमान. एकदा यंत्राचं झाकण पडून डावा गुडघा कायमचा गेला. तेव्हापासून यांना बघितलं की टिफनीच म्हणायची, “काका, डावा गुडघा ना? मग डी.” डी म्हणजे उजवीकडची, वाटेलगतची सीट. तिथे डावा पाय लांब करता येतो. वर गरम जेवण, स्टीलचे चमचे, लिमलेटच्या गोळ्या. रात्री घरी आले की म्हणायचे, “मी जेवलोय विमानात.” मी म्हणायचे, “साहेबांना आता घरचं कसलं गोड लागतंय!”

या महिन्यात हे निवृत्त होणार. शेवटच्या खेपेला मलाही चेन्नईला न्यायचं त्यांनी ठरवलं. चोपन्न वर्षांची मी, नायगावच्या आमच्या गच्चीवरून विमानं बघितलेली, आत पाय कधी ठेवला नव्हता. मनातून घाबरले होते. “मला तुमच्या शेजारीच बसवा हं,” असं आठवडाभर बजावत होते. हे छातीठोकपणे म्हणायचे, “काळजी कसली? माझी ओळख आहे तिथे.”

तर काउंटरच्या जागी यंत्र. हे त्याची बटणं दाबत राहिले. दोन चिठ्ठ्या बाहेर आल्या. माझी एकोणीस डी, यांची चोवीस बी.

“बी म्हणजे?”

“दोघांच्या मधली. हवी ती सीट पाहिजे तर आता वेगळे पैसे. यंत्राला काय माहीत कुणाचा गुडघा कसा आहे ते.”

बाजूला युनिफॉर्ममधली एक मुलगी उभी होती. यांनी कोपराने ढोसलं तरी मी विचारलंच, “बाळा, टिफनी कधी येणार गं कामावर?”

“टिफनी मॅम? आंटी, तो काउंटर तीन वर्षांपूर्वीच बंद झाला. मॅम जॉब सोडून कॅनडाला गेल्या, भावाकडे.”

मी यांच्याकडे बघितलं. हे बुटाची नाडी बघत होते.

तीन वर्षं! म्हणजे सत्तरेक पुडे! “अहो, मग माझी सुकेळी गेली कुणाच्या पोटात?” मी चांगलीच तापले होते.

“माझ्याच,” हे हळूच म्हणाले. “विमानात आता काही देत नाहीत गं. विकत घ्यायचं, तेही कोरडं सँडविच. सुकेळी खाल्ली की भागायचं. आल्यावर तू विचारायचीस, आज काय होतं जेवायला. मग मी कधी पनीर सांगायचो, कधी पुलाव.”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हे जेवून आलेत म्हणून मी ओटा पुसून निजायचे. तीन वर्षं हा माणूस चार सुकेळ्यांवर झोपला आणि मी वर टोमणे मारत होते.

“कर्म माझं! एका शब्दाने सांगायचं तरी.”

“काय सांगू? की मला आता तिथे कुणी ओळखत नाही?”



विमानात एकोणिसाव्या रांगेपाशी हे थांबले. “ही तुझी. घाबरू नकोस, मी पाच रांगा मागेच आहे.” शेजारच्या सीटवर एक बाई लेकराला मांडीवर निजवून बसली होती. तिला कुठे उठवणार? मी यांच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली आणि माझी त्यांच्या खिशात कोंबली.

“डावा गुडघा ना?” मी म्हटलं. “मग डी.”

हे माझ्याकडे बघतच राहिले. “अगं, पण तुला एकटीला...”

“बसा म्हणते ना. मागे लोक खोळंबलेत.” पुडा सोडून निम्मी सुकेळी मी त्यांच्या हातात ठेवली.

विमान उडालं तेव्हा दोन परक्या माणसांच्या मध्ये मी डोळे गच्च मिटून वज्रेश्वरीला हाका मारत होते. मनाशी ठरवलं, परत घरी गेलो की रात्रीचे बारा का वाजेनात, आधी यांना गरम भात वाढायचा.

थोड्या वेळाने डोळे उघडले आणि वाकून पुढे बघितलं. यांचा डावा पाय वाटेत ऐसपैस पसरलेला होता. खाण्याची ढकलगाडी आली तसा तो आत गेला. गाडी पुढे सरकली आणि तो पुन्हा हळूच बाहेर आला.