बारावा आरा

वहाबने पटाशीचं टोक मोटारीच्या लाकडी चाकातल्या आऱ्याच्या चिरेत घालून हलकेच फिरवलं. चिमूटभर वाळू त्याच्या तळहातावर पडली. काळी, बारीक, आणि तीत शिंपल्याचा एक कण. समोर उकिडवा बसलेला त्याचा जावई जलील दुसरीकडे बघू लागला.

"तू तर म्हनला, खिंडीत दगड लागला."

"लागला."

"खिंडीत दर्याची वाळू कवा आली?"

जलील नखाने चाकावरचा रंग खरवडू लागला. तो अलिबागच्या वकीलसाहेबांचा ड्रायव्हर. मोटार वाळूवर न्यायची नाही, असं साहेबांनी दोनदा बजावलं होतं. तिसऱ्यांदा नोकरी जाईल, हेही सांगितलं होतं. तरी चाकं रंगवायला थळला वहाबकडे आणताना पठ्ठ्याने ओहोटी बघून किनाऱ्याने गाडी पळवली आणि कोळ्यांच्या जाळ्याच्या खुंटावर पुढचं चाक आपटलं.

"मामू, चिरेत लांबी भरा. वर रंग मारा. कोनाला दिसनार न्हाय."

"चीर पार चाकाच्या मधल्या तुंब्यापर्यंत गेलीय. उतारावर ब्रेक दाबलास की आरा तुटंल."

"सावकाश चालवीन. नवा आरा मुंबईहून येईस्तोवर पंधरा दिवस जातील, साहेब इचारतीलच. नसीबाला सहावा महिना हाय, मामू. या वक्ताला मी घरी बसू?"

लेकीचं नाव निघालं आणि वहाबने पटाशी खाली ठेवली. उमेदीची वर्षं त्याने गलबतं रंगवण्यात घालवली होती. मोटारी आल्या तसा तो त्यांच्या लाकडी चाकांकडे वळला. खाऱ्या वाऱ्याने इथे रंग वर्षभर टिकत नाही, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. जुना रंग खरवडायचा, घासायचं, रंगाचे हात द्यायचे, प्रत्येक आऱ्यावर केसाएवढी पिवळी रेघ ओढायची आणि वर व्हार्निश. त्याच्या हातच्या रेघेला जिल्ह्यात तोड नव्हती. त्या दिवशी त्याने खडू आणि अळशीचं तेल मळून लांबी केली, चिरेत दाबून भरली आणि नंतर बराच वेळ हात धूत राहिला.

शुक्रवारी सकाळी वकीलसाहेब आईला घेऊन टांग्यातून आले. गोदूबाईंना पेणला नातीच्या मुलाच्या बारशाला जायचं होतं. त्यांना जवळजवळ दिसत नसे. जलीलनेच हात धरून त्यांना मोटारीच्या मागच्या सीटवर बसवलं, तेव्हा त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. मांडीवर बाळाची झबली-टोपडी बांधलेलं गाठोडं होतं.

चारही चाकं नव्यासारखी चमकत होती. वकीलसाहेब खूश झाले.

"आता वाजवा, वहाबभाई. त्याशिवाय तुम्ही कुठे गाडी सोडता?"

ते खरंच होतं. गलबताच्या फळ्या ठोकून बघायची सवय वहाबने चाकांनाही लावली होती. गिऱ्हाइकासमोर लाकडी मोगरीने एकेक आरा वाजवून द्यायचा. चांगला आरा खणखणीत बोलतो. वहाबकडे चाक नाही, तबला मिळतो, अशी लोक थट्टा करत. आज ती मोगरी त्याला जड वाटत होती.

मागची दोन्ही चाकं वाजली. पुढचं डावंही वाजलं. उजव्याशी तो गुडघे टेकून बसला. जलील बाजूलाच उभा होता. एक, दोन, तीन. अकराव्या आऱ्यानंतर मोगरी वर उचललेली तशीच थांबली, आणि वहाब उठला.

"झालं साहेब."

"अकराच झाले," गोदूबाई म्हणाल्या.

वकीलसाहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं. "अकरा कुठले, आई? आत्ता साडेनऊ होतायत."

"घड्याळाचं नाही रे. आऱ्यांचं म्हणतेय. बाकीचे बारा-बारा वाजले."

आयुष्यात पहिल्यांदा वहाबने गिऱ्हाइकाला फसवलं होतं, आणि ते जिला दिसत नाही तिने पकडलं होतं.

"मोजताना चुकली असशील," वकीलसाहेब हसून आईशेजारी जाऊन बसले. "जलील, हँडल मार. ऊन तापायच्या आत खिंड ओलांडू."

जलील इंजिन सुरू करायचं हँडल घेऊन पुढे गेला. ते भोकात बसवलं, पण फिरवलं नाही. काचेतून त्याला गोदूबाई दिसत होत्या. प्रवासात गाठोडं सुटू नये म्हणून त्या चाचपडत त्याची गाठ पुन्हा आवळत होत्या.

"काय रे, अडकलं का?"

जलीलने हँडल काढून जमिनीवर ठेवलं आणि सासऱ्यापुढे हात पसरला. वहाबने मोगरी घट्ट धरली होती. दोघांची नजर एक झाली, आणि वहाबची बोटं सैल पडली.

जलील उजव्या चाकाशी बसला आणि त्याने बारावा आरा वाजवला. ओल्या ओंडक्यावर मारल्यासारखा बद्द आवाज आला. पिवळ्या रेघेला आडवा तडा गेला.

"हा बारावा," गोदूबाई म्हणाल्या. "पण असा का वाजला रे?"

जलीलने दार उघडलं आणि मघाशी बसवताना दिला तसा हात पुढे केला.

"आईसाहेब, तुमी आदी खाली उतरा," तो म्हणाला. "मग सांगतो."