बदक, डावीकडे

धाकटीने गळ पाण्यात टाकला आणि खुर्ची मागे रेलवली. पडद्यावरच्या तळ्यात चार बुडबुडे उठले आणि विरले. काठावरच्या लाकडी घरात वहिनी शिरली होती आणि पेटी उघडून सामान उपसत होती.

"हे लोखंड लागणारे का तुला?" हेडफोनमध्ये वहिनीचा आवाज आला.

"मला कशाला? मासे पकडायला लोखंड लागतं होय?"

"मग मी नेते. चिलखत करायचंय."

ते घर तिघांनी मिळून बांधलं होतं. म्हणजे बांधलं दादाने; वहिनीने लाकडं तोडली आणि धाकटीने मधे मधे लुडबुड केली. छप्पर एका बाजूला कललं होतं. वहिनी ते सरळ करायला निघाली तेव्हा दादा म्हणाला होता, राहू दे, इथे आपल्याला कोण बक्षीस देणार आहे. रविवारी जेवणं आटोपली की धाकटी आईच्या घरून आणि ती दोघं त्यांच्या शहरातून या खेळात भेटायची. कुणाला हरवायचं नसायचं. बी पेरायचं, मासे पकडायचे, डोंगरापलीकडे काय आहे ते बघून यायचं, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. धाकटीचं पात्र चालता चालता हमखास पाण्यात पडायचं, म्हणून दादाने खेळात तिचं नावच बदक करून टाकलं होतं.

मागच्या हिवाळ्यात कामावर असतानाच दादाच्या छातीत कळ आली आणि तो गेला.

त्यानंतर दोघी तळ्याकाठी बसत आणि त्याच्याबद्दलच बोलत. धाकटी कृत्रिम दात घडवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. मेणात दाढांचे उंचवटे कोरताना ती दादाच्या जुन्या गोष्टी आठवून ठेवायची. लहानपणी त्याने आपले केस आपणच कापले आणि खुशाल न्हाव्यावर ढकलून दिलं, तसल्या. वहिनी ऐकायची. आधी रडायची, मग नुसतं ऐकायची, मग मधेच म्हणायची, "हं, हे सांगितलंयस तू."

आणि मग वहिनीला खेळात एक टोळी भेटली. खेळातलं सगळं जिथे बघून संपतं, तिथून ज्यांचा खेळ सुरू होतो अशी माणसं. ज्वालामुखीच्या पोटातल्या राक्षसाला आठ जणांनी मिळून मारायचं, एकाचं पाऊल चुकलं की आठही जण खलास, की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या टोळ्यांच्या आधी मारलं तर यादीत नाव वर. त्यांच्या म्होरक्याला सगळे कप्तान म्हणत. वहिनी एका गोदामात मालाच्या गाड्या लावायचं काम करायची. कोण कुठे, कधी उभं राहणार हे तिच्या अंगातच होतं.

"आमच्यात एक जण कमी पडतोय," पेटी बंद करत वहिनी म्हणाली. "तू ये."

"मला नाही जमत ती पळापळ. त्यापेक्षा तू बस ना जरा."

वहिनी बसली नाही. तिचं काळ्या चिलखतातलं पात्र धक्क्यावर नुसतं उभं राहिलं.

"इथे बसलं की मला तो दिसतो," ती म्हणाली.

"म्हणून तर मी बसते."

धाकटीने गळ ओढून पुन्हा पाण्यात टाकला.

"मी यापुढे इथे नाही येणार," वहिनी हळूच म्हणाली. "रागावू नकोस. भेटायचं असेल तर वर ज्वालामुखीत ये."

धाकटी रागावली. दोन रविवार तिने खेळ उघडलाच नाही. फोन केला तर वहिनी जेवलीस का, आई कशा आहेत, एवढं विचारून गप्प व्हायची. खेळ सोडला तर दोघींमध्ये बोलायला तोच एक माणूस होता, आणि त्याच्याबद्दल आता वहिनीला बोलायचं नव्हतं. शेवटी धाकटीने कामावरून आल्यावर सराव करायला घेतला. दादा गेला, आता वहिनीही हातची जाईल, या भीतीने ती राक्षसाचे वार पाठ करत राहिली.

टोळीबरोबरच्या पहिल्या रविवारी तिच्यामुळे सगळे पुन्हा पुन्हा मेले.

"हे बदक काढायचं का?" कप्तानाने सर्वांदेखत विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, बिघडलेला नळ बदलायचा का असं विचारावं तसं.

"अजून एकदा बघू," वहिनी म्हणाली.

त्या एका वाक्यावर धाकटीने पुढचा आठवडा काढला.

पुढच्या रविवारी तिचं बसू लागलं. आग उजवीकडून येते, तेव्हा डावीकडे. जमीन लाल झाली की उडी. कप्तान आकडे मोजत होता, तिची बोटं त्या आकड्यांमागून पळत होती. "बदक, डावीकडे," वहिनी ओरडली, आणि धाकटी डावीकडे होती. "आता," आणि तिने मारलं. राक्षस गुडघ्यावर आला. मग तो कोसळला आणि आठही जण एकदम बोलायला लागले.

वहिनी हसत होती. पूर्वीसारखी, मधेच श्वास अडकेपर्यंत. धाकटीही हसली.

"बघितलंस?" गलका ओसरल्यावर वहिनी म्हणाली. "इतका वेळ काहीसुद्धा आठवलं नाही ना?"

धाकटीला खरंच नव्हतं आठवलं. बदक, बदक असा सगळ्यांनी धोशा लावला होता, आणि ते नाव कुणी ठेवलं हे एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. दारात आई उभी होती, ओले हात पदराला पुसत.

"तूच हसलीस ना आत्ता?"

"हो."

"आणि ती?"

"तीही हसली."

"मग झालं," आई म्हणाली. तिने धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला. हात अजून दमट होता. "मला वाटायचं, मी हसले तर तुम्हा दोघींना काय वाटेल. म्हणून मी आपली..."

ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तिथला रेडिओ लागला. आधी अगदी बारीक, मग जरा मोठा.

टेबलावरच्या हेडफोनमधून वहिनीचा आवाज किड्यासारखा येत होता. धाकटीने ते पुन्हा कानाला लावले.

"कुठे गेलीस? कप्तान विचारतोय, पुढच्या रविवारी आहेस ना?"

भिंतीपलीकडे आई गाण्याबरोबर गुणगुणायला लागली होती. शब्द चुकत होते, तिला त्याचं काही नव्हतं.

"आहे," धाकटी म्हणाली.