उसनी सासू

डर्बनच्या रेडिओवर खोंबिसिलेला झुलू नाटकात कजाग सासूचं काम मिळालं, तेव्हा पहिल्या तालमीला तिची पार फजिती झाली. निर्माते झोंडी कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, ही सासू आहे. तू तर शाळेत पाढे शिकवतेयस."

खोंबिसिले ओशाळली. मग काय झालं कोण जाणे, तिनं जीभ टाळूला लावून टक्कन वाजवली, नाकानं लांब श्वास ओढला आणि नाटकातल्या सुनेला सावकाश म्हणाली, "रिकामं मडकंसुद्धा कान धरूनच उचलावं, मकोटी. तुला तर भरलेलंही उचलता येत नाही." सगळे खो खो हसले. एकाचा चहा सांडला. काम पक्कं झालं.

जीभ, श्वास, मडकं, सगळं तिच्या सासूचं होतं. माशेझीचं.

डर्बनबाहेर, उम्बुम्बुलूच्या उतारावर त्यांचं घर: माशेझी, तिचा मुलगा झिबुसे म्हणजे खोंबिसिलेचा नवरा, आणि त्यांची पोरं. माशेझी सरळ कधी बोलायचीच नाही. भाजी खारट झाली तर म्हणायची, "आज समुद्र भेटायला आला वाटतं." झिबुसे उशिरा आला तर म्हणायची, "ज्या खोंडाला कुंपण दिसत नाही, त्याला शिंगं तरी कशाला?" सून म्हणून खोंबिसिले मान खाली घालून ऐकायची. माहेर चेले कुळातलं, म्हणून घरात ती माचेले. वारलेल्या सासऱ्यांचं नाव आगीच्या शब्दाशी जुळायचं, म्हणून त्या घरात तिनं आगीला कधी आग म्हटलं नव्हतं, 'ती ऊबदार' म्हणायची. इतकी ती रीत पाळायची.

पण आता मका दळताना तिचे कान चोराचे झाले. सासू काही बोलली की ती मनात गाठ मारायची आणि बसमध्ये बसून घोकायची. तालमीत ती ते नाटकाच्या लेखकाला सांगायची; त्याला तेच हवं असायचं. नाटक गाजलं. मासिबिया नावाच्या त्या रेडिओतल्या सासूला लोक बसस्टॉपवर शिव्या घालू लागले.

सगळ्यात जास्त शिव्या माशेझीच घालायची. संध्याकाळी शेजारणी जमायच्या, रेडिओवरचं विणलेलं फडकं बाजूला व्हायचं, आणि माशेझी ठणकावून सांगायची, "असल्या बाईला गुरांच्या गोठ्यात झोपवावं." शेजारणी एकमेकींकडे बघायच्या. खोंबिसिले डर्बनला कामाला जाते एवढंच घरी ठाऊक होतं; ती भांड्यात बघायची. ती बाई आपणच, हे सांगून टाकावं असं तिला रोज वाटायचं, आणि रोज ती अळकुड्या सोलत बसायची.

शेवटी नळावर शेजारीण मागुमेडेनं विचारलंच, "काय गं माशेझी, त्या रेडिओवालीनं तुझं तोंड उसनं नेलंय, की तू तिचं आणलंयस?"

त्या संध्याकाळी माशेझी पहिल्यांदा नीट ऐकत बसली. मासिबियानं मडक्याचं ते वाक्य म्हटलं. ते माशेझीला तिच्या आईनं लग्नाच्या दिवशी सांगितलं होतं, आणि या घराबाहेर तिनं ते कधी उच्चारलं नव्हतं. ती उठली, तिनं रेडिओ बंद केला, फडकं पसरलं.

त्यानंतर सुनेशी बोलली ती इतकंच: मीठ दे. पाऊस आला. दार लाव. टोमणा नाही, म्हण नाही, जीभ वाजवणं नाही. झिबुसे खूश झाला, म्हणाला, आई म्हातारपणी मवाळ झाली. पण सासूनं एकदा कडाडून बोलावं म्हणून खोंबिसिलेनं एके दिवशी मुद्दाम लापशी करपवली. माशेझीनं मुकाट्यानं खाल्ली.

खोंबिसिले झोंडींकडे गेली. मला यातून काढा म्हणाली. ते ऐकेनात. लोकांना ही बाई हवी आहे, म्हणाले. मग तिनंच सुचवलं की मासिबियाला मारून टाका. झोंडींनी विचार केला. मरण म्हटलं की सगळा मुलूख ऐकणार. ते राजी झाले. खोंबिसिलेला वाटलं, ती बाई मेली की सासूचं बोलणं सासूला परत मिळेल.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मासिबिया एकटीच झोपडीत मेली, हाकलून दिलेल्या सुनेला हाका मारत, पाणी मागत. कुणी आलं नाही. यंत्रापाशी बसलेल्या माणसानं डोळे पुसले. खोंबिसिले हलक्या मनानं बसमध्ये चढली.

तो भाग लागला त्या संध्याकाळी त्यांचा रेडिओ बंदच होता. पण दारं सगळ्यांची उघडी होती. उताराच्या प्रत्येक घरातून माशेझीचा आवाज येऊ लागला. माशेझी धापा टाकत होती, पाणी मागत होती, मरत होती. आणि माशेझी दारात बसून शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत. आपण काय करून बसलो ते खोंबिसिलेला तेव्हा कळलं.

सकाळी मागुमेडे मक्याचं पीठ घेऊन आली, दुःखाच्या घरी नेतात तसं. थट्टाच होती, पण तिलाही धड हसता येईना. माशेझीनं पीठ घेतलं, तिला चहा दिला, पोचवायला अंगणापर्यंत गेली. परत आली तेव्हा खोंबिसिले गुडघ्यांवर बसली होती.

"आई, ती गोष्ट होती," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला. बोलणं माझं होतं, माचेले. गोष्ट कुणाची होती?"

खोंबिसिले जमिनीवरची शेंगांची सालं गोळा करू लागली.

"पाणी मागत होती ती," माशेझी म्हणाली. "द्यायला कुणीतरी ठेवायचं होतंस गं तिथे." मग पिठाची पिशवी तिच्याकडे सरकवली. "ऊठ. डब्यात भर, किडे लागतील."

पुढे झोंडींनी प्रेमळ मावशीचं काम देऊ केलं. खोंबिसिले गेली, माइकसमोर उभी राहिली, पण तोंडातून निघाला तो नुसता वाचल्यासारखा आवाज. तिला परत बोलावणं आलं नाही.

माशेझीची वाचा हळूहळू परतली, पण ती नातवंडांपुरती. लाकडं घेऊन येताना खोंबिसिलेला आतून जीभ वाजल्याचं ऐकू यायचं, मग एखादं तिरकं वाक्य, मग पोरांचं खिदळणं. ती दारात आली की सगळं थांबायचं. "लाकडं ओली आहेत," माशेझी म्हणायची, बस्स.

म्हणून खोंबिसिले आता भिंतीआड थांबते. डोक्यावर मोळी असते, मान भरून येते. आतलं वाक्य पुरं होऊ देते. ते लक्षात राहू नये म्हणून मनात दुसरंच काहीबाही बोलत राहते. मग पाय आपटत, मोठ्यानं खाकरत आत जाते.