दहा सेकंदांचं टेबल

व्हिडिओ गेमच्या तैवानी आवृत्तीचं काम बंद व्हायला तीन दिवस उरले होते. आता शेवटची एकच दुरुस्ती स्वीकारू, असं ओसाकाच्या मुख्य कचेरीने कळवलं होतं. कोणती, ते ताइचुंगच्या चाचणी विभागाने शुक्रवारी पाचपर्यंत सांगायचं होतं.

तिथे चाचणी करणाऱ्या आणि पात्रांचे संवाद लिहिणाऱ्या यी-रोंगचं उत्तर वर्षभर ठरलेलं होतं. गेम जपानी गुंडांच्या टोळ्यांचा. मारामाऱ्या करून दमलेला नायक गल्लीतल्या क्लबात जाऊन माजाँग हा चौघांचा खेळ खेळतो, जपानी पद्धतीने, हातात तेरा सोंगट्या घेऊन. तैवानात सोळा घेतात. तैवानी आवृत्तीत सोळांचं टेबल हवंच, हे तिने मागे लागून मंजूर करून घेतलं होतं. टेबल तयार झालं, पण तासा-दोन तासांनी बंद पडायचं. दुरुस्त झालं नाही, तर ते वगळणार होते.

हे सारं तिच्या वडिलांसाठी होतं. बाबांनी चाळीस वर्षं सायकलींच्या कारखान्यात काढली आणि तेवढीच वर्षं दर मंगळवारी समोरच्या लियाओंकडे माजाँग खेळले. दोन वर्षांपूर्वी त्यांना सुचायला वेळ लागू लागला. एक सोंगटी टाकायला कधी तीन मिनिटं लागायची. कुणी रागावलं नाही. एका मंगळवारी लियाओ म्हणाले, घरात रंगकाम काढलंय. वर्ष उलटलं, रंगकाम चालूच होतं. यंत्राला तरी कंटाळा येणार नाही, असं यी-रोंगला वाटलं होतं.

शुक्रवारी सकाळी ती बाबांना कचेरीत घेऊन आली.

"या काका, या!" विभागप्रमुख को यांनी खुर्ची ओढून दिली. "खरा खेळणारा आजच मिळतोय. आमची पोरं नुसती बटणं दाबतात."

पडद्यावर तिघे गुंड बसले होते.

"हा कोण? गालावर वार आहे की."

"टोळीचा म्होरक्या आहे, बाबा."

"खेळतो कसा?"

"बरा खेळतो."

"मग असू दे वार."

बाबांनी सोळा सोंगट्या नीट लावल्या. तिसऱ्या खेपेला ते विचारात पडले. कोपऱ्यातला लाल आकडा दहावरून उतरत शून्यावर आला आणि एक सोंगटी आपोआप पडली.

"ही मी नाही टाकली."

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. वर म्होरक्याच्या तोंडी अक्षरं उमटली: 'आटपा की म्हातारबा, दुकानं बंद व्हायची वेळ झाली!'

ते वाक्य यी-रोंगनेच लिहिलं होतं. लिहिताना हसलीही होती.

बाबांनी हातातलं बटणांचं यंत्र अलगद टेबलावर ठेवलं. "यांच्याकडे पण रंगकाम निघालं वाटतं," ते म्हणाले.

"बाबा..."

"अगं, आपल्या गच्चीवरून दिसतं. लियाओंच्या भिंती तशाच आहेत."

ती उठून को यांच्याकडे गेली. "एकच दुरुस्ती ना? ते दहा सेकंदांचं घड्याळ काढा. तेरांच्या टेबलावरचं."

"आणि तुझं सोळांचं टेबल?"

"जाऊ द्या."

"त्याच्यापायी वर्षभर माझं डोकं खाल्लंस!"

"खाल्लं. आता हे लिहा."

"तीस सेकंद करू या का?"

"काढा म्हणजे काढा. आणि त्याच्याबरोबर ते म्हातारबाचं वाक्यही."

को यांनी तिच्याकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या बाबांकडे, आणि लिहायला घेतलं.

दोन महिन्यांनी आवृत्ती बाजारात आली. रविवारी दुपारी यी-रोंगने घरी गेम लावून दिला. बाबांनी हातातल्या सोंगट्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"तीन कुणी पळवल्या?"

"जपान्यांच्या तेराच असतात, बाबा."

"असं होय?" बाबांनी सोंगट्या नीट लावल्या. "बरंय. तेवढ्याच कमी सांभाळायच्या."

मग ते विचारात पडले. गालावर वार असलेला म्होरक्या समोर गप्प बसून होता. चहा निवला. कोणती टाकायची हे यी-रोंगला दिसत होतं. ती बोलली नाही. बऱ्याच वेळाने बाबांनी पाच बांबूंची सोंगटी टाकली. म्होरक्याने ती उचलली आणि डाव जिंकला.

"चुकलं का गं?"

"हो, बाबा."

"मला वाटलंच." बाबा खुर्चीत पुढे सरकले. "पण खेळतो चांगला हा. मांड दुसरा डाव."