डाव्या घोड्याच्या बंदुकीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे आणि माझे डोके फिरलेले आहे. इतर वस्तू आपली गोष्ट सांगताना गोड बोलतात. मला ते जमणार नाही. अठरा वर्षे एका खिळ्याला लटकून दुसऱ्यांच्या चुकांचे खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतले की कुणाचीही जीभ कडू होईल.

माझा जन्म पेनसिल्व्हेनियात जुनियाटा नदीच्या काठी, ऑर्व्हिल क्रायडर या कारागिराच्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, घरामागची एक खोली आणि एक शेगडी. ऑर्व्हिलने मेपलच्या लाकडाचा दस्ता महिनाभर तासला. त्या लाकडावर वाघाच्या अंगासारखे पट्टे होते. दस्त्यात त्याने पितळेचा छोटा चंद्र बसवला. माझी नळी लांब, आत पिळाच्या खाचा आणि गोळी अर्ध्या इंचाची, म्हणजे हरणासाठी पुरेशी आणि निशाणाच्या फळीसाठीही बेताची. पण हे सगळे नंतरचे. सगळ्यात आधी त्याने गिऱ्हाइकाला समोर उभे केले होते. त्याच्या हाताची लांबी मोजली, मान किती वाकते ते पाहिले, डोळे पाहिले, आणि मग माझा घोडा डाव्या अंगाला बसवला.

हे नीट लक्षात घ्या, कारण माझे सगळे दुःख त्यातच आहे. माझ्या घोड्याच्या तोंडात चकमकीचा दगड असतो. चाप ओढला की तो दगड पोलादाच्या पट्टीवर आपटतो, ठिणग्या खालच्या वाटीतल्या बारीक दारूवर पडतात आणि तिथे भस्सकन आग होते. ती आग एका भोकातून नळीत शिरते आणि मग बार उडतो. ही आग नेम धरणाऱ्याच्या तोंडापासून दूरच्या बाजूला व्हायला हवी. म्हणजे मला डाव्या खांद्याला लावणाराच माणूस हवा. यात न समजण्यासारखे काय आहे?

माझा पहिला मालक एलवूड बर्कहोल्डर हा डावखुरा पोस्टमन होता. चौदा वर्षे आम्ही सुखाने नांदलो. आमच्याकडे नाताळच्या दुसऱ्या दिवशी चकमकीच्या बंदुकांचा खास हंगाम सुरू होतो. काडतुसांच्या बंदुका घरी ठेवायच्या आणि आम्हा म्हाताऱ्यांना बाहेर काढायचे. एलवूड बर्फात तासन् तास उभा राहायचा. उन्हाळ्यात क्लबाच्या स्पर्धेत तो कुऱ्हाडीच्या पात्यावर गोळी मारून तिचे दोन तुकडे करायचा आणि त्या दोन तुकड्यांनी दोन बाजूंच्या दोन मातीच्या बशा फोडायचा. बक्षिसाचे डुकराचे तंगडे खांद्यावर टाकून तो घरी यायचा, पण जेवायला बसायच्या आधी कढत पाण्याने माझी नळी धुवायचा. बायको हाका मारून दमायची. तो म्हणायचा, "आलो गं, हिचं आधी."

एलवूड वारला आणि माझा लिलाव झाला. तिथे मला ड्वाइट झायग्लर याने घेतले. घेतले कशावर म्हणाल? पट्ट्यांवर आणि पितळेच्या चंद्रावर! ऑर्व्हिल तिथेच होता. तो म्हणाला, "ड्वाइट, अरे तू उजवा. ही डावी आहे."

"काका, घोडा कुठल्याही अंगाला असू दे, गोळी पुढंच जाणार ना?"

सगळे खो खो हसले. मला तेव्हाच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला, पण मला हात नाहीत.

पुढे व्हायचे तेच झाले. ड्वाइटने मला उजव्या खांद्याला लावले की आग थेट त्याच्या नाकासमोर व्हायची. पहिल्याच दिवशी त्याची भुवई जळाली. दुसऱ्या दिवसापासून चाप ओढायच्या आधीच तो डोळे मिटायला लागला. डोळे मिटून मारलेली गोळी हरणाला लागेल कशी? वर गप्पांच्या नादात हा गृहस्थ दारू न घालताच गोळी ठासायचा. मग घोडा पडे, वाटीत जाळ होई आणि बार काही उडत नसे. आणि म्हणायचा काय, तर "ही बंदूकच पनवती आहे."

आमच्या कॅम्पात, म्हणजे जंगलातल्या आठ खाटांच्या लाकडी घरात, एक जुनी रीत आहे. हरणावर बार टाकून जो चुकेल, त्याच्या शर्टाचा मागचा पदर कात्रीने कापायचा, त्यावर नाव आणि तारीख लिहायची आणि तो भिंतीवर ठोकायचा. माझ्यामुळे, असे ते म्हणतात हं, ड्वाइटचे पाच पदर भिंतीवर चढले. सहाव्या वर्षी त्याने दुसरी बंदूक घेतली आणि मला न धुताच त्या पदरांच्या मधोमध खिळ्याला टांगून दिले. जळलेली दारू ओल ओढते, मित्रांनो. माझी नळी आतून गंजत गेली आणि खाली बसून लोक मिटक्या मारत हरणाचे मटण खात राहिले.

मी लटकत होते ती जागा शेगडीजवळच्या खाटेच्या बरोबर वर होती. ती खाट ड्वाइटच्या वडिलांची, क्लेअरआजोबांची. ते गेल्यावर ती त्यांच्या नातीला, म्हणजे ड्वाइटच्या मुलीला मिळाली. तिचे नाव मार्लिस. एकतीस वर्षांची, शाळेची बस चालवणारी, आजोबांच्या मांडीवर बसून शिकारीच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली. खाटेच्या फळीवर आजोबांनी चाकूने आपले नाव कोरलेले होते. झोपताना ती त्यावरून बोट फिरवायची. ते मी रोज पाहायचे.

पण त्या मानाच्या खाटेचा एक नियम होता. चकमकीच्या हंगामात लागोपाठ चार वर्षे हरीण मिळाले नाही, तर खाट सोडायची आणि यादीतल्या पुढच्याला द्यायची. मार्लिसची तीन वर्षे कोरडी गेली होती. भिंतीवर तिचे तीन पदर होते. यादीत पुढे होता तिचा चुलतभाऊ रॉडनी, आणि त्या दिवट्याने चौथ्या वर्षी येतानाच स्वतःची उशी आणली.

मार्लिसची बंदूक अर्थात ड्वाइटनेच निवडली होती. उजव्या घोड्याची, चांदीच्या नक्षीची. "आपल्या घरात सगळे उजव्या खांद्यानंच मारतात," असे म्हणून त्याने ती तिच्या हातात दिली होती. मार्लिस लिहायची उजव्या हाताने, जेवायची उजव्या हाताने, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. मी वरून बघत होते. खोलीत कुणी काही लांबचे दाखवले की ती मान किंचित उजवीकडे वळवून डावा डोळा पुढे करायची. सुईत दोरा ओवतानाही तसेच. मला ओरडावेसे वाटायचे. पण माझा आवाज म्हणजे बार, आणि माझ्यात कुणी दारू भरत नव्हते.

नव्या वर्षाच्या दिवशी दुपारी आंबवलेली कोबी आणि डुकराचे मटण शिजत होते. म्हाताऱ्या ऑर्व्हिलला मुद्दाम जेवायला बोलावले होते. त्याला चौऱ्याऐंशी पूर्ण झाली होती. तेवढ्यात मार्लिस हरणावरचा सकाळचा बार फुकट घालवून आत आली. रॉडनीने कात्री आधीच काढून ठेवलेली.

"या बाईसाहेब, पाठ करा इकडं. भिंत वाट बघतीय."

ती वळली. चौथा पदर कापला गेला. हंगामाचे दोनच आठवडे राहिले होते. मार्लिस हसत होती खरी, पण तिचे डोळे त्या कोरलेल्या नावावर होते.

ऑर्व्हिलने काटा खाली ठेवला. "पोरी, गोळी कुठं गेली?"

"हरणाच्या डावीकडं, आजोबा. झाडाला लागली."

"गेल्या वर्षी?"

"डावीकडंच."

"त्याआधी?"

"हात हलतो हो तिचा," ड्वाइट मध्येच म्हणाला. "मी किती वेळा सांगितलं, चाप हळू ओढ."

"तू गप रे. भुवई जाळून घेणाऱ्यानं शिकवू नये." ऑर्व्हिल उठला आणि मार्लिसला खिडकीशी घेऊन गेला. "ओढ्यापलीकडं ते वाळलेलं झाड दिसतंय? हात लांब कर. दोन्ही डोळे उघडे ठेव आणि अंगठ्यानं ते झाड झाक. झाकलं? आता डावा डोळा मीट."

"अंगठा सरकला! झाड बाजूला दिसतंय."

"आता डावा उघड, उजवा मीट."

"आता बरोबर झाडावर आहे."

ऑर्व्हिलने ड्वाइटकडे असे पाहिले की मला वर खिळ्यावर गार वाटले. "हिचा नेमाचा डोळा डावा आहे, गाढवा. उजव्या खांद्यावर बंदूक आणि डाव्या डोळ्यानं नेम! गोळी डावीकडं जाणार नाही तर काय? बंदूक निवडताना तू नक्षी बघितलीस, खांदा ठरवून टाकलास, आणि पोरीचा डोळा मात्र कधी बघितला नाहीस."

 मग त्याने वर बोट केले. माझ्याकडे!

"ती काढा खाली."

"ती पनवती?" रॉडनी म्हणाला.

"पनवती नाही, डावी आहे ती. मी बनवलीय."

ऑर्व्हिलने मला घरी नेले. कढत पाणी, तेल आणि शिव्या यांनी माझी नळी आठवडाभर घासली आणि घोड्याच्या तोंडात नवी चकमक बसवली. मार्लिस रोज बस उभी करून यायची. पहिल्या दिवशी मला डाव्या खांद्याला लावताना ती अवघडली. एकतीस वर्षांची सवय होती. पाचव्या दिवशी तिने फळीवर लावलेल्या पत्त्यांतल्या एका पानाच्या मधोमध भोक पाडले, आणि मला एलवूड आठवला.

हंगामाचा शेवटचा शनिवार उजाडला. गारा आणि बर्फ मिसळून पडत होते. ओल्या हवेत माझी वाटीतली दारू भिजली की संपले. मार्लिसने तेलकट कातडे माझ्या घोड्यावर गुंडाळले आणि मला कोटात घेतले. दुपारी चाळीस पावलांवर एक हरणी आली. मार्लिसने कातडे काढले, दारू हलकेच बदलली आणि डावा डोळा लावला. मित्रांनो, त्या क्षणी मला फार भीती वाटली. बार फुसका गेला असता तर दोष पुन्हा माझाच होता.

घोडा पडला. आग झाली, पण ती मार्लिसच्या चेहऱ्यापासून दूर झाली. एलवूडनंतर इतक्या वर्षांनी मला शेवटी योग्य माणसाने धरले होते. मार्लिसने डोळा मिटला नाही. हरणी दोन उड्या मारून खाली पडली.

अंधार पडायच्या आत ती कॅम्पात आली. रॉडनी शेगडीजवळच्या खाटेवर उशी घेऊन पसरला होता. मार्लिसने मला दाराशी टेकवले आणि एवढेच म्हणाली, "उशी उचल, रॉडनी."

मग जो आरडाओरडा झाला तो विचारू नका. मिठ्या झाल्या, कपबशा वाजल्या, तीच गोष्ट चारदा सांगून झाली. आणि मी? मी दाराशी काळी, ओली, जळक्या दारूने माखलेली उभी! मला वाटले, झाले, पुन्हा तेच. आता मला टांगतील आणि जेवायला बसतील.

ड्वाइट उठला. त्याने टेबलावरची कात्री घेतली, स्वतःचा शर्ट बाहेर ओढला आणि आपला पदर आपणच कापला.

"आज तुम्ही कुठं चुकलात?" रॉडनीने विचारले.

"आज नाही. पोरीच्या हातात ती पहिली बंदूक दिली, त्या दिवशी," ड्वाइट म्हणाला. त्याने भिंतीवर ठोकायला खिळा उचलला.

मार्लिसने खिळा काढून घेतला. "भिंतीवर नको, बाबा. पाणी तापलंय. हिचं आधी."

ड्वाइटने कात्री खाली ठेवली. मग जमिनीवर बसला, मला मांडीवर घेतले, आपल्या पदराचे तुकडे कढत पाण्यात बुडवले आणि गजाने माझ्या नळीत सारले. पहिला तुकडा कोळशासारखा काळा निघाला. सातवा पांढरा निघाला. जेवण थंड झाले, पण तो उठला नाही. मी बंदूक आहे, मला रडता येत नाही, पण त्या दिवशी आले असते तर बरे झाले असते.

तर मित्रांनो, माझी विनवणी ऐका, वैतागून का होईना सांगते. कुणासाठी काही निवडाल तेव्हा नक्षी मागाहून बघा, आधी त्या माणसाला खिडकीशी नेऊन अंगठा पुढे धरायला सांगा. आणि काम झाले की आम्हाला पुसा हो. तुमचे मटण पाच मिनिटे थांबू शकते.