सोळा बॉक्सची हळद

वीस वर्षांत रशीदभाईंच्या हातून एकही स्पीकर जळला नव्हता. शेवगावच्या आसपास लग्नाकार्यात साउंड लावणाऱ्यांत असं छातीठोक सांगणारा दुसरा कुणी नव्हता. स्पीकरचे आठ बॉक्स आणि त्या आठांना नीट जुळवून घेतलेला एक अँप्लिफायर, एवढाच त्यांचा बारदाना. तो अँप्लिफायर गेला की धंदाच बसला.

म्हणूनच पुंजारामशेठांनी लेकीच्या, आरतीच्या, हळदीला टेम्पोतून आणखी आठ बॉक्स उतरवले, तेव्हा रशीदभाईंनी आधी आपल्या अँप्लिफायरकडे पाहिलं. साखरपुड्याला व्याह्यांनी कोपरगावात बारा बॉक्स लावले होते. तेव्हा आपल्या दारात सोळा हवेत, असं शेठांनी ठरवलं आणि तिथल्याच साउंडवाल्याकडून आठ मागवले. ते वाजणार कशावर, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. बॉक्स वाढले की आवाज वाढणार, त्यात विचारायचं काय?

रशीदभाईंनी समजावून पाहिलं. आठांवर आणखी आठ जोडले तर अँप्लिफायरवर दुप्पट ताण येतो, तो तापून बंद पडतो नाहीतर जळतो. सोळा वाजवायचे तर दुसरा अँप्लिफायर आणा. शेठांचं तालुक्याला पाण्याच्या मोटरींचं दुकान, म्हणून त्यांनी तसंच उदाहरण दिलं.

"शेठ, आठ स्प्रिंकलरच्या मोटरीवर सोळा लावायला कुनी आला, तर तुमी त्याला काय सांगाल?"

असल्या गिऱ्हाइकाला शेठ दुकानाच्या पायरीवरूनच हाकलत. पण ते म्हणाले, "ते पानी हाय. हितं गानं वाजवायचंय." वर, जमत नसेल तर उद्याच्या लग्नाला दुसरा माणूस बघतो, असंही ऐकवलं.

रशीदभाईंनी राग गिळला. नवे आठ बॉक्स मांडवाच्या डाव्या अंगाला रचले, लोकांना दिसतील अशा वायरीही सोडल्या आणि त्यांची टोकं सतरंजीखाली सारून दिली. जोडले फक्त उजवीकडचे आपले आठ.

हळद दणक्यात झाली. शेठ सगळा वेळ त्या मुक्या बॉक्ससमोर छातीवर हात ठेवून उभे. येईल त्या पाहुण्याला तिथं ओढून आणत आणि छातीत कसं धडधडतंय ते विचारत. व्याही तर कानात बोटं घालून चार पावलं मागं सरले. म्हाताऱ्या आईला, रतनबाईंना, आवाजाचा त्रास नको म्हणून शेठांनी हाताला धरून उजवीकडे नेऊन बसवलं. तिथं ती बिचारी कान दाबून बसून राहिली. रशीदभाईंनी हसू दाबायला तोंडावर रुमाल धरला.

कार्यक्रम आटोपल्यावर शेठ पाहुण्यांसमोरच म्हणाले, "रशीदभाई, उद्या हे कोपरगावचेच आठ लावा. तुमचे लई कर्कश हायेत, आईचे कान बसले."

हे मात्र रशीदभाईंना झोंबलं. पोटावर पाय आला तर येऊ दे, असं मनाशी म्हणत त्यांनी सतरंजी उचलली आणि वायरींची उघडी टोकं शेठांपुढं धरली.

"हे जोडलेलेच न्हवते, शेठ. सगळी हळद माझ्या आठांनी वाजवली."

शेठांनी वाकून टोकं निरखली, मग व्याह्यांकडे पाहिलं. क्षणभर त्यांचा चेहरा पडला, पण क्षणभरच.

"तरीच म्हनलं," ते म्हणाले, "ह्या कोपरगावच्यांचा आवाज इतका मऊ कसा."

व्याह्यांनी मान डोलावली, मग बाकीच्यांनीही. दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचं काम कोपरगावच्या साउंडवाल्याला गेलं.