तक्रार नसलेलं गाणं

"ज्या वर्षी मंजिलाच्या तीजच्या गाण्यात तक्रार नसेल ना झरना, त्या वर्षी गाणं ऐकत बसू नकोस. आधी तिला बघून ये."

आमाने, माझ्या आईने, हे मला तीन वर्षांपूर्वी पनौती गावातल्या माहेरच्या अंगणात मोहरीचा पाला निवडताना सांगितलं होतं. मी हसले. "आमा, आता बायका सुखीसुद्धा असू शकतात," म्हटलं. समाजशास्त्रात एमए केलेली मुलगी आईला जे जे सांगते ते सगळं सांगितलं. आमाने पाल्याची जुडी माझ्या हातातून काढून घेतली, कारण बोलण्याच्या नादात मी चांगली पानंही कचऱ्यात टाकत होते.

मंजिला खनाल आणि मी कॉलेजात असताना हॉस्टेलच्या एका खोलीत राहायचो. ती आता गायिका आहे. दर साउनात, म्हणजे श्रावणात, तीजचं एक गाणं काढते. तसे सगळेच काढतात. त्या महिन्यात फोन उघडला की लाल साड्यांशिवाय काही दिसत नाही. पण मंजिलाचं गाणं म्हणजे जुगार. एका वर्षी ती अख्ख्या बसला रडवते, आणि पुढच्या वर्षी असं काही गाते की मादल, म्हणजे ढोलकी, वाजवणारा बसल्या जागी पेंगतोय की काय वाटतं. तरी गाणं चांगलं असो की पडेल, तक्रार हवीच. तीजचं गाणं असतंच त्यासाठी. वर्षभर सासरी जे गिळलं ते माहेरी येऊन नाचत नाचत ओकायचं. मंजिलाने सासूच्या कुलपातल्या अंड्यांवर गायलं होतं, गळक्या पत्र्यावर गायलं होतं, नवऱ्याच्या घोरण्यावर तर दोनदा. शिवाय प्रत्येक गाण्यात एक ओळ ठरलेली: सगळ्यांचे भाऊ न्यायला आले, माझ्या दारात कोण येणार? तिला भाऊ नाही, आईवडीलही नाहीत.

या वर्षीचं गाणं आलं तेव्हा मी नऊ महिन्यांच्या स्वर्णिमाला पाजत होते. गाण्याचं नाव, 'सगळं ठीक आहे'. डोंगर, झोका, नवी साडी, सासू प्रेमळ, नवरा प्रेमळ, ठेका लग्नाच्या बँडसारखा. मंजिलाचा आवाज सुरात होता, पण इस्त्री केल्यासारखा सपाट. खाली लोकांनी फाडून खाल्लं होतं. "दिदी, साडीच्या दुकानाची जाहिरात आहे का?" "मागच्या वर्षीची मंजिला परत द्या." मीही राहवेना म्हणून लिहिलं, "या वर्षी मीठ घालायला विसरलीस का गं म्हातारे?"

एरवी अशा वाक्याला पाच मिनिटांत तिची शिवी आली असती. दोन दिवस झाले, काही नाही.

मी तसं घाबरटच आहे. स्वर्णिमा झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघते. म्हणून आधी स्वतःलाच दटावलं की उगाच जीव टांगणीला लावू नकोस. मग ते गाणं पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं, भावाची ओळच नाही.

फोन केला. तिच्या नवऱ्याने, ऋषिरामने उचलला. मी त्याला भिनाजू, म्हणजे भावोजी, म्हणते. "झोपलीये." संध्याकाळी केला. "झोपलीये, झरना." दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला केला.

"भिनाजू, आता झोपलीये म्हणालात तर बघा!"

"झोपलीच आहे," तो हळूच म्हणाला.

मी आमाला फोन लावला. गाण्यात तक्रार नाही, एवढंच सांगितलं.

"कधी आलं गाणं?"

"चार दिवस झाले."

"आणि तू अजून घरातच बसलीयेस?"

पण जाऊन करणार काय? तिच्या सासूला मी ओळखते. मैत्रीण आली तर चहा देऊन वाटेला लावेल. मंजिलाही मैत्रिणीसाठी उंबरा ओलांडणार नाही, दारातच हसून दाखवेल. तोडगा आमानेच काढला. तीजला न्यायला आलेल्या भावाला आजवर कुठल्याही सासूने रिकाम्या हाताने परत पाठवलेलं नाही. भाऊ नसेल तर भाऊ न्यायचा. 'दर' खायच्या दिवशी, म्हणजे उपासाच्या आदल्या दिवशी बायका माहेरी गोडधोड जेवतात तेव्हा, जायचं असं ठरलं, कारण त्या दिवशी नाही म्हणणं कुणालाच जमत नाही. मधले दिवस मी ऋषिरामला रोज फोन करून "जेवली का?" विचारत राहिले. तो रोज "थोडंसं" म्हणायचा.

माझा थोरला भाऊ यज्ञराज दाइ मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. "मी तिचा भाऊ कधीपासून?" त्याने विचारलं.

"आजपासून."

"हॉस्टेलात असताना तुम्ही दोघींनी माझ्या वाटणीचं लोणचं चोरलं होतं. ते माफ करायचं?"

"दाइ!"

"बरं बरं. टोपी घालू का?"

टोपी घालून, कोसेली, म्हणजे भेट म्हणून तांदळाची सेलरोटी आणि केळ्यांचा घड घेऊन तो निघाला. मी स्वर्णिमाला पाठीशी बांधलं. कलंकीच्या पुढे, थानकोटच्या वाटेवर मंजिलाचं सासर. सासू दारातच तांदूळ पाखडत होती.

"यावं, यावं. चहा घ्या," ती म्हणाली. "मंजिलाची तब्येत जरा नरम आहे. दर इथेच खाईल ती."

दाइने कोसेली तिच्या पायांशी ठेवली आणि वाकून नमस्कार केला. "आमा, मी बहिणीला न्यायला आलोय."

सूप थांबलं. म्हातारीने त्याच्याकडे बघितलं, टोपीकडे बघितलं, माझ्याकडेही बघितलं. मला वाटलं, आता विचारणार, कुठला भाऊ? तिने नाही विचारलं. पदराने डोळे पुसले. "फार उशीर केलास रे बाबा यायला," म्हणाली आणि मंजिलाची पिशवी भरायला आत गेली.

मंजिला बाहेर आली. गालांची हाडं वर आलेली. माझ्याकडे बघून ती हसली, तेच गाण्यातलं हसू. मग तिला माझ्या पाठीवरची स्वर्णिमा दिसली आणि तिने मान फिरवली. तेव्हाच मला कळलं. तरी ऋषिरामने गोठ्याआड नेऊन सांगेपर्यंत मी ते मनात येऊ दिलं नाही.

"जेठमध्ये बाळ गेलं," तो म्हणाला. "सहावा महिना होता, कुणाला सांगितलं नव्हतं अजून. मुलगी होती."

"आणि पुढच्याच महिन्यात, असारात, गाणं रेकॉर्ड केलं?"

"तीच म्हणाली, तारीख ठरलीये, गाते. गाणी मीच लिहून देतो. तिला बरं वाटावं म्हणून या वेळी सगळं गोड गोड लिहून दिलं. वाटलं, एखादी तरी ओळ बदलेल, नेहमी बदलते. माझं कुठे चुकलं ते मला दरवर्षी तिच्या गाण्यातूनच कळतं गं. या वेळी तिने एक अक्षर बदललं नाही. मी म्हटलं, चला, सावरली." त्याने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "जग म्हणतंय गाणं वाईट आहे. मला वाटलं होतं, चांगली खूण आहे."

त्याच्यावर चिडायचं ठरवून आले होते, पण ते काही जमलं नाही.

पनौतीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आमाच्या अंगणात आळीतल्या सगळ्या बायका जमलेल्या. आमाने मंजिलाला काहीही विचारलं नाही. "पाय धू, मुली. खीर गार होतेय," एवढंच म्हणाली. मंजिला खिरीत चमचा फिरवत बसली. मी स्वर्णिमाला तिच्यापासून लांब, कधी या मावशीकडे तर कधी त्या काकूकडे देत होते. पण रांगणारं पोर ते, ऐकतंय थोडंच. ती सरळ मंजिलाकडे गेली आणि तिच्या गळ्यातली पोते, हिरव्या मण्यांची माळ, मुठीत धरून ओढायला लागली. मी उठले. आमाने माझं मनगट धरलं.

"बस."

मंजिलाने मूठ सोडवली नाही. स्वर्णिमाच्या डोक्यावर हनुवटी टेकली आणि किती तरी वेळ तशीच राहिली. धाकट्या काकीने मादलवर थाप दिली. एकीने जावेवर ओळ टाकली, दुसरीने दिरावर. मग मंजिलाने तोंड उघडलं.

इतकी बेसूर ती कधीच गायली नव्हती. आवाज फाटत होता, ओळ मध्येच तुटत होती, काकीचा ठेका दोनदा चुकला. नवऱ्याने मला साखरेचं गाणं दिलं, गायली. सासूने डोळे पुसले, पण माझ्यासमोर नाही, गायली. देवा, तुझ्या घरी पाळणा कमी पडला होता का, गायली. आळीतल्या बायकांनी प्रत्येक ओळ उचलून धरली, जशी धरायची असते. शेवटी तिने माझ्याकडे बोट केलं आणि मीठ विचारणाऱ्या म्हातारीवर, म्हणजे माझ्यावर, एक ओळ टाकली, जी मी इथे लिहू शकत नाही.

मी इतक्या जोरात हसले की रडायलाच लागले. मंजिलाने खीर संपवली आणि वाटी पुढे केली. "आमा, अजून आहे का?" यज्ञराज दाइ ओट्यावरून ओरडला, "भावाची ओळ राहिली की!" ती म्हणाली, "गप रे लोणच्या."

ऋषिरामचा फोन आला. "काही बोलली?"

"तुमच्याविरुद्ध दहा-बारा ओळी तरी असतील, भिनाजू."

पलीकडून हुंदका आला की हसू, ठरवता येईना. "त्या ओळी पाठव ना मला," तो म्हणाला.

तीजनंतर तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. औषध चालू आहे, दर पंधरवड्याला जाते, रात्री झोपते. 'सगळं ठीक आहे' साफ आपटलं. काल तिने मला शिवी पाठवली, सलग दुसरा दिवस.

तुमच्याही ओळखीत एक सतत कुरकुरणारी असेल. बहीण, जाऊ, जुनी मैत्रीण, कुणीही. गेले काही दिवस ती कुरकुरत नसेल आणि विचारलं की "सगळं ठीक आहे" म्हणत असेल, तर आज तिला फोन करा. दुसऱ्याच कुणी उचलला आणि झोपलीये म्हणालं, तर चार दिवस घरात बसू नका माझ्यासारखं. केळी घ्या आणि जाऊन बघून या.